ट्युलिपची मुंडकी

माझ्या आजोबांनी, म्हणजे ओपांनी, बावन्न वर्षं मालबोट चालवली आणि त्या बावन्न वर्षांत ते एकदाही कुठे फिरायला गेले नाहीत. त्यांचं म्हणणं, मी रोजच फिरतोय, अजून कुठे जाऊ.

म्हणून त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला आमच्या घराण्याने त्यांना पाच दिवसांची बोटीची सहल भेट दिली. वसंत ऋतू, फुलं, जुनी गावं, सकाळी नाश्ता, संध्याकाळी सूप. हे म्हणजे निवृत्त दंतवैद्याला भेट म्हणून दात दाखवण्यासारखं होतं, पण आमच्या घराण्यात एकदा वर्गणी जमली की विचार थांबतो.

आमच्याकडे वाढदिवसाला सगळे खुर्च्या गोल मांडून बसतात, आणि ज्याचा वाढदिवस आहे त्याचंच नाही, तर गोलातल्या प्रत्येकाचं अभिनंदन करतात. वडील ऐंशीचे झाले म्हणून अभिनंदन, सासरे झाले म्हणून अभिनंदन, शेजारी झाले म्हणूनही. बत्तीस अभिनंदनं उरकल्यावर प्रश्न निघाला की म्हाताऱ्यासोबत जाणार कोण. मी तेव्हा संडासात होते. परत आले तर सगळे उठून माझं पुन्हा अभिनंदन करायला लागले.

ओपा नकार देतील अशी सगळ्यांची खात्री होती. पंचाहत्तरीला दिलेलं फुग्यातून उडण्याचं तिकीट त्यांनी परत केलं होतं, कारण इतक्या उंचावरून पाण्याची खोली कळत नाही. या वेळी मात्र त्यांनी चष्मा लावला, सहलीच्या पत्रकातल्या नकाशावर बोट ठेवलं, बोट निळ्या रेषेवरून हळूहळू वर नेलं आणि एका जागी थांबवलं. मग म्हणाले, "ठीक."

ते बोट कुठे थांबलं, हे माझ्याशिवाय कोणी पाहिलं नाही. उत्तर हॉलंडच्या कालव्यावर, अल्कमारच्या बऱ्याच वर, जिथे पत्रकात एक ट्युलिपचं चित्र छापलं होतं. मला वाटलं, चला, म्हाताऱ्याला शेवटी फुलं आवडायला लागली.

बोटीचं नाव 'लेन्टेबोडे'. अडतीस प्रवासी, एक स्वयंपाकी, चार खलाशी आणि मार्निक्स नावाचा चौतीस वर्षांचा कॅप्टन. ओपा तिला बोट म्हणायला तयार नव्हते. ते तिला तरंगतं लॉज म्हणत. पण सवय सुटत नाही, म्हणून पहिल्याच संध्याकाळी त्यांनी घरून आणलेली वही उघडून नोंद केली. ती मी खांद्यावरून वाचली. 'बोट:' यापुढे जागा कोरी. 'माल: माणसं, अडतीस नग, बहुतेक जुनी. मालाची अवस्था: कोरडी. वारा: पश्चिमेचा.'

दुसऱ्या दिवशी बोटीला आत कोंडून वरच्या किंवा खालच्या पातळीवर नेणारे पाण्याचे पहिले दरवाजे आले. प्रवासी वरच्या डेकवर फोटो काढत होते आणि ओपा बोटीच्या कडेला रबरी उशी धरून उभे होते, भिंतीला घासू नये म्हणून. खलाशाने त्यांना नम्रपणे खुर्ची दाखवली. दुसऱ्या दरवाजांपाशी जरा कमी नम्रपणे दाखवली. तिसऱ्यांदा दरवाजे आले तेव्हा खलाशी माझ्याकडे येऊन विचारत होता की तुझे ओपा कुठे आहेत, आम्ही थांबलोय.

जुन्या गावांचं तर वेगळंच झालं. एन्कहाउझेन, होर्न, ही सगळी गावं ओपांना तोंडपाठ होती, पण मागच्या बाजूने. धक्का कुठे, खोली किती, कोणता खाटीक मटण बोटीपर्यंत आणून देतो. धक्क्याच्या पलीकडे गाव असतं आणि त्याला पुढची बाजू असते, हे त्यांना ऐकून माहीत होतं. होर्नला बंदरावरच्या मनोऱ्यापाशी वाटाड्या मुलगी त्याचा इतिहास सांगत होती. ओपा बराच वेळ वर बघत राहिले. मग म्हणाले, "चाळीस वर्षं या टोकाकडे बघून मी सुकाणू वळवलं. खाली दार आहे हे माहीत नव्हतं."

ते जाऊन त्या दाराला हात लावून आले. परत येऊन त्यांनी त्या मुलीशी हस्तांदोलन केलं आणि दाराबद्दल तिचे आभार मानले. तिला वाटलं ते तिची थट्टा करतायत. मीच तिला बाजूला घेऊन सांगितलं की या माणसाला थट्टा येत नाही, ते खातं माझ्याकडे आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी माझी टूथपेस्ट संपली. ओपा नेहमीप्रमाणे पाचला उठून कॅप्टनला त्रास द्यायला गेले होते. मी त्यांची सुटकेस उघडली. सहा बनियन, सहा चड्ड्या, वही, ज्येष्ठमधाच्या काळ्या गोळ्यांचा डबा, आणि दोन बनियनांमध्ये गुंडाळलेला एक लाकडी बूट. पिवळा रंगवलेला, डावा, चार-पाच वर्षांच्या मुलाच्या मापाचा. एकच.

ओपांचं माप पंचेचाळीस आहे.

ते आत आले तेव्हा मी बूट हातात घेऊन बसले होते. मी विचारलं, "दुसरा पाय कुठे ठेवलाय?"

ओपा दार लावून बसले आणि त्यांनी सांगितलं ते असं.

पूर्वी कालव्यावरचे पूल उघडायला माणूस असायचा, आणि पूल उघडल्याचा टोल तो गळाच्या काठीला लाकडी बूट बांधून वरून खाली सोडून घ्यायचा. बोट चालती राहायची, बोटवाला बुटात नाणं टाकायचा, बूट वर जायचा. पुढे टोल बंद झाला आणि बूट बेकार झाले. अल्कमारच्या वर क्लाव्हर पूल आहे, तिथे पूल उघडायला एक बाई होती. तिला बहुधा बूट बेकार बसलेला बघवला नाही.

ओपा आणि ओमा, म्हणजे माझी आजी, दर पंधरा दिवसांनी गुरांची पेंड घेऊन त्या पुलाखालून वर जायचे. त्यांच्या मालबोटीचं नाव 'नोइट व्होल्माक्ट', म्हणजे 'कधीच पुरतं नीट नाही'. असं नाव ठेवलं की नंतर कोणी तक्रार करू शकत नाही. कालव्याच्या दोन्ही बाजूंना जगातली सगळ्यात प्रसिद्ध फुलांची शेतं. पण कालव्याला उंच बांध, आणि पेंडेने भरलेली बोट पाण्यात खोल बसलेली. ओमाला दिसायचा तो बांधाचा उतार आणि मेंढ्यांचे पाय. परतीला बोट रिकामी, म्हणजे उंच. पण तेव्हा ओमा झाडू घेऊन बोटीच्या पोटात असायची, कारण पुढचा माल भरायच्या आत पेंडेचा चुरा निघायला हवा. बावीस वसंत ओमा फुलांच्या मधोमध जात होती आणि तिने एकही शेत पाहिलं नाही.

एकदा पुलाखालून जाताना ओमाने वर ओरडून विचारलं, "बाई, फुलं आली का हो?"

वरून उत्तर आलं नाही. पंधरा दिवसांनी वरून गळाची काठी आली आणि काठीला पिवळा बूट, बुटात ट्युलिपची मुंडकी. देठ नाहीत, नुसती मुंडकी. कारण आमचे शेतकरी फूल फुललं की तीन-चार दिवसांत त्याचं मुंडकं उडवतात. त्यांना फूल विकायचं नसतं, जमिनीतला कांदा विकायचा असतो, आणि फूल राहिलं तर कांद्याचा जीव खातं. फुलं म्हणजे आमच्याकडे शेतातला कचरा आहे. तो बघायला जगभरातून माणसं येतात, त्याला आम्ही काय करणार.

ओमा ती मुंडकी भांडी घासायच्या टबात पाण्यावर सोडायची. तीन दिवस टिकायची. ते तीन दिवस भांडी कुठे घासायची हा प्रश्न ओपांनी कधी विचारला नाही.

असं बावीस वर्षं. ओपांना त्या बाईचं नाव माहीत नव्हतं. तोंडही कधी धड दिसलं नाही, फक्त हात, काठी आणि बूट, आणि वायरलेसवर आवाज. मग चौदा वर्षांपूर्वीच्या एप्रिलात वारा होता, दोरी कठड्यात अडकून तुटली आणि बूट बोटीवरच राहिला. भरलेली बोट थांबत नाही. ओमा म्हणाली, पुढच्या खेपेला देऊ. पुढच्या खेपेला पुलावर बाई नव्हती, खांब होता. खांबावर कॅमेरा आणि भोंगा. पूल आता कुठूनतरी दुरून उघडत होते. ओपांनी भोंग्याला विचारलं, बाई कुठे गेल्या. भोंग्यातला पुरुष म्हणाला, कार्यालयात चौकशी करा. ओपा कार्यालयांना घाबरतात. त्याच वर्षी पेंडेचा कारखाना बंद पडला आणि त्या वाटेने जाणंच संपलं.

सहा वर्षांपूर्वी ओमा गेली. जाताना तिने दोन गोष्टी सांगितल्या. पहिली पडद्यांबद्दल होती. दुसरी बुटाबद्दल.

"काय सांगितलं?" मी विचारलं.

"ते पूलवाल्या बाईंना सांगायचंय," ओपा म्हणाले. "तुला नाही."

मग त्यांनी बूट परत बनियनांत गुंडाळला. पुलाशेजारी पूलवाल्यांचं छोटं घर आहे, बाई अजून तिथेच राहत असतील, बोट हळू जाईल, त्या अंगणात असतील, एवढीच त्यांची योजना होती.  मी म्हटलं, चांगली योजना आहे. माझ्या आयुष्यातली सगळ्यात वाईट योजना होती ती, आणि मी स्पर्धा परीक्षा दोनदा दिल्या आहेत.

चौथ्या रात्री आम्ही अल्कमारला मुक्काम केला. पाचव्या दिवशी नाश्ता झाल्यावर अडतीसच्या अडतीस प्रवासी टोप्या घालून वरच्या डेकवर जमले. आज फुलांचा दिवस. 'लेन्टेबोडे' उंच आहे, वरच्या डेकवरून बांधापलीकडचं सगळं दिसतं. आणि दिसलं. दोन्ही बाजूंना क्षितिजापर्यंत हिरवंगार. नुसते देठ. हवा गरम झाली होती, फुलं लवकर आली होती आणि आदल्या दोन दिवसांत शेतकऱ्यांनी सगळ्यांची मुंडकी उडवली होती. शेतांच्या कडेला लाल-पिवळे ढीग पडले होते.

 गेन्टचे एक निवृत्त दंतवैद्य होते, त्यांनी कॅमेरा खाली केला आणि म्हणाले की उशीर झाला आपल्याला. त्यांच्या बायकोने विचारलं की पैसे परत मिळतात का.

ओपा कठड्याला धरून उभे होते. ही शेतं त्यांनीही धड कधी पाहिली नव्हती. सुकाणू धरणारा समोर बघतो. ते डावीकडे बघत, मग उजवीकडे, परत डावीकडे. त्यांचा चेहरा होर्नच्या दारापाशी झाला होता तसा झाला.

"उशीर कसला," ते म्हणाले. "अगदी वेळेवर आलोय. मुंडकी उडवली तेव्हाच तर आम्हाला मिळायची."

मग ते मला घेऊन कॅप्टनच्या केबिनमध्ये गेले. चार दिवसांत त्यांनी मार्निक्सला इतकं पिळलं होतं की तो त्यांना बघून आपणहोऊन सरकायचा. ओपांना तो स्किपर, म्हणजे नाखवा, म्हणायचा. त्या दिवशी तर म्हणाला, स्किपर, सरळ कालवा आहे, खलाशी सुकाणूवर आहे, तुम्ही जरा लक्ष ठेवा, मी कॉफी आणतो. आणि गेला.

वळण संपलं आणि लांबवर क्लाव्हर पूल दिसला. शेजारी छोटं घर. घराच्या खिडक्यांना फळ्या ठोकल्या होत्या.

ओपांनी ते पाहिलं. त्यांचा हात, कोणालाही न विचारता, वायरलेसकडे गेला. बावीस वर्षं त्या वळणानंतर तो हात तिथेच गेला होता.

"क्लाव्हर पूल, क्लाव्हर पूल. 'नोइट व्होल्माक्ट' बोलतेय. भरलेली, उत्तरेकडे. दहा मिनिटांत पोचते."

सुकाणूवरच्या खलाशाने मान वळवून पाहिलं. ओपांनी वायरलेस खाली ठेवला आणि स्वतःच्या हाताकडे असं बघितलं जसं काही तो कोणी तिथे विसरून गेलं होतं.

"पोरी, मी आत्ता काय बोललो?"

"भंगारात गेलेल्या बोटीसाठी पूल मागितलात."

ते दुरुस्ती करणार तेवढ्यात वायरलेस बोलला. तोच बाईचा आवाज, झोपेतही तेच म्हणत असावी असा. "'नोइट व्होल्माक्ट', ऐकलं. उघडते."

दोन्हीकडच्या तोंडांनी डोक्यांना न विचारता काम उरकलं होतं. लांबवर घंटा वाजायला लागल्या, रस्त्यावर आडवे दांडे पडले, आणि एका अस्तित्वात नसलेल्या बोटीसाठी पूल वर जाऊ लागला. दांड्यापाशी तीन मोटारी थांबल्या, नऊ सायकली आणि एक ट्रॅक्टर. ट्रॅक्टरच्या मागे ट्रॉली होती आणि ट्रॉलीत मुंडक्यांचा डोंगर.

मग वायरलेस पुन्हा बोलला. या वेळी आवाज जागा होता.

"'नोइट व्होल्माक्ट'?"

"बोला," ओपा म्हणाले.

"मला कॅमेऱ्यात फक्त एक टुरिस्ट बोट दिसतेय."

"त्याच बोटीतून बोलतोय मी."

"आणि तुमची?"

"भंगारात. सहा वर्षं झाली."



"मग मी पूल कोणासाठी उघडलाय, स्किपर?"

ओपांनी या क्षणासाठी भाषण तयार केलं होतं. सुटकेसमध्ये कागदावर लिहिलेलंही होतं, मी टूथपेस्ट शोधताना पाहिलं होतं, त्यात 'कृतज्ञता' हा शब्द दोनदा होता आणि दोन्ही वेळा खोडून पुन्हा लिहिला होता. त्यातलं एकही अक्षर त्यांना आठवलं नाही. ते म्हणाले, "बाई, तुमचा बूट माझ्याकडे आहे."

या वायरलेसवर खाजगी बोलायला सक्त मनाई आहे, कारण आसपासच्या सगळ्या बोटींना ते ऐकू जातं. ते तसं ऐकू जात होतं हे लगेच कळलं, कारण मधेच एक जाडा आवाज आला. "मी 'ट्वे खेब्रूडर्स', वाळू घेऊन मागून येतोय. मला घाई नाही. चालू द्या तुमचं."

"डावा," बाई म्हणाली.

"डावा. पिवळा."

"उजवा माझ्या खिडकीत आहे. चौदा वर्षं झाली. लोक विचारतात की एकच का ठेवलास." मग तिने विचारलं, "तुमच्या बायको कशा आहेत?"

ओपांनी टोपी काढली. वायरलेसला ते दिसत नाही, पण काढली.

"ती गेली. बोटीच्या आधी चार महिने. जाताना म्हणाली, पूलवाल्या बाईंना सांग, फुलं पोचली."

"एवढंच?"

"एवढंच. बावीस वर्षांची मिळून."

  दांड्यापाशी एका मोटारीने हॉर्न वाजवला आणि बंद केला.

"मला वाटायचं तुम्ही ती पाण्यात टाकत असाल," बाई म्हणाली. "देठ नसलेली फुलं ठेवतं कोण."

"पाण्यातच टाकायची ती," ओपा म्हणाले. "भांडी घासायच्या टबात."

मार्निक्स कॉफीचे दोन कप घेऊन आत आला, उघडलेला पूल बघून म्हणाला, आज पूलवाले खुशीत दिसतायत. मग त्याने आमच्याकडे पाहिलं, टोपीकडे पाहिलं, कप ठेवला आणि बोटीचा वेग आपणहोऊन कमी केला. त्यासाठी मी त्याला आयुष्यभर मानेन.

प्रश्न बुटाचा होता. बाई पुलावर नव्हत्या, हे त्यांनीच सांगितलं. त्या काल रात्री आमची बोट जिथे लागली होती त्या अल्कमारच्या धक्क्यासमोरच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर, अकरा पुलांच्या पडद्यांसमोर बसल्या होत्या. तिथे सहा जण पाळीपाळीने बसतात, आज त्यांची पाळी होती. आम्ही रात्रभर त्यांच्या खिडकीखाली झोपलो होतो. बोट मागे वळवता येत नाही, कालवा तेवढा रुंद नाही. ओपा बूट छातीशी धरून उभे होते, आणि मला दिसत होतं की बूट घेऊन परत घरी जावं लागलं तर हा माणूस पुन्हा कुठल्याच सहलीला येणार नाही.

तेवढ्यात पुलावरचा भोंगा बोलला. वायरलेस नाही, खांबावरचा भोंगा, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असा. "इसब्रांट, खाली उतर."

ट्रॅक्टरवरच्या माणसाने आधी आकाशाकडे पाहिलं.

"कॅमेऱ्यात दिसतोयस तू. उतर. पुलाच्या कडेला ये. एक बूट घ्यायचाय आणि संध्याकाळी माझ्या घरी द्यायचाय."

इसब्रांट बाईंचा शेजारी निघाला. तो दाताळं हातात घेऊनच उतरला, कारण असल्या आवाजाने बोलावल्यावर माणूस रिकाम्या हाताने जात नाही. ओपा धावत खाली गेले, म्हणजे त्यांच्या मानाने धावत, आणि खलाशाची लांब आकडी घेऊन आले. आकडीच्या टोकाला बूट अडकवला. पूर्वी बोट खोल असायची आणि बूट वरून खाली यायचा. आता आमचं डेक रस्त्याच्या बरोबरीला होतं, बूट आडवा गेला. बोट हळूहळू पुलाच्या उघड्या जबड्यातून सरकत होती, दगडी कड हातभर अंतरावर. ओपांनी काठी पुढे केली, ती जरा थरथरली, मी मागून धरली, दंतवैद्यांनी मला मागून धरलं, कशासाठी ते त्यांनाही माहीत नव्हतं, आणि इसब्रांटने बूट काढून घेतला.

ओपांचे हात रिकामे झाले. चौदा वर्षांनी.

इसब्रांट बूट उलटासुलटा करून बघत होता. भोंगा म्हणाला, "रिकामा पाठवणार का त्यांना?"

आता कोणीही समजूतदार माणसाने ओंजळभर मुंडकी बुटात घालून दिली असती. पण मग बूट परत आमच्याकडे आला असता, आणि ते काही चालण्यासारखं नव्हतं. इसब्रांटने यावर विचार केला. शेतकरी विचार करतो तेव्हा ते दुरूनही दिसतं. मग त्याने बूट खिशात कोंबला, वळला, ट्रॉलीत दाताळं खुपसलं आणि एक पूर्ण ओझं आमच्या डेकवर फेकलं.

लाल मुंडकी. मग पिवळी. मग जांभळी, ती एका बाईच्या टोपीत साठली. मोटारीतून दोन जण उतरून त्याला मदत करायला लागले, सायकलवाले हातांनी फेकत होते. जी फुलं बघायला हे लोक इतक्या लांबून आले होते, ती त्यांच्या डोक्यावर पडत होती. दंतवैद्यांच्या बायकोच्या मांडीवर शंभर एक असतील. पैसे परत मागायचं ती विसरली.

बोट पुलापलीकडे गेली. ओपा वायरलेसपाशी परतले. खांद्यावर एक नारिंगी मुंडकं होतं, त्यांना माहीत नव्हतं.

"बाई, तुमचं नाव काय?"

"ट्राइन."

"मी हार्मेन."

"माहीत आहे. तुमच्या बायको तुम्हाला हाक मारायच्या ती अख्ख्या कालव्याला ऐकू यायची." मग कागद चाळल्याचा आवाज. "स्किपर, नोंद करावी लागते मला. पूल आधी कोणासाठी उघडला म्हणून लिहू?"

"चूक झाली म्हणून लिहा."

"चूक लिहिली तर तीन फॉर्म भरावे लागतात. 'नोइट व्होल्माक्ट' गेली, असं लिहिलं तर एकच ओळ."

ओपांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि मग खिडकीबाहेर पाहिलं, कारण बाहेर बघण्यासारखं खूप होतं. हिरवंगार, क्षितिजापर्यंत.

"लिहिलं," ट्राइन म्हणाली. "'नोइट व्होल्माक्ट', भरलेली, उत्तरेकडे, नऊ चाळीस."

"'ट्वे खेब्रूडर्स' साक्षीदार," जाडा आवाज म्हणाला. "मी पण बघितली."

डेक साफ करायला खलाशांना तीन तास लागले. स्वयंपाक्याने प्रत्येक टेबलावर सूपच्या बशीत पाणी घालून मुंडकी तरंगत ठेवली, त्यामुळे संध्याकाळी सूप कॉफीच्या कपांतून आलं. कोणी तक्रार केली नाही. त्याआधी ओपांनी वही लिहिली. 'बोट:' यापुढे पहिल्यांदाच जागा भरली. तिथे त्यांनी लिहिलं, 'दोन.' खाली, 'माल: मुंडकी, अंदाजे चारशे किलो. पोच: दिली.'

मग जेवताना ते उठले. मला वाटलं मीठ आणायला चाललेत. ते पहिल्या टेबलापाशी गेले आणि दंतवैद्यांचा हात हातात घेऊन म्हणाले, "अभिनंदन." मग त्यांच्या बायकोचा. मग पुढचं टेबल. आमच्याकडे वाढदिवसाला करतात तसं, एकेकाचं, कोणालाही न वगळता. परदेशातल्या लोकांना काहीच कळत नव्हतं, पण हात पुढे आला की माणूस धरतो. एका बाईने विचारलं कशाबद्दल, तर ओपा म्हणाले, तुम्ही होतात म्हणून. मार्निक्सचं केलं, खलाशांचं केलं, स्वयंपाक्याला आतून बोलावून त्याचं केलं.

सगळ्यात शेवटी माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"तुझंही अभिनंदन, पोरी."

"माझं कशाबद्दल?"

ओपांनी जरा विचार केला.

"संडासात गेली होतीस म्हणून," ते म्हणाले, आणि सूप प्यायला बसले.